तुम्ही विचारलंत म्हणून: "पोरीले होईन का?"

नागपूरच्या धंतोलीत पोटाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलं की शेजारची बाई फाईल मांडीवर घट्ट धरून हळूच विचारतेच, "ताई, हे खानदानी असते का? माह्या पोरीले होईन का?" म्हणून आतड्याच्या सुजेच्या आजारांबद्दल एकदा सविस्तर सांगते.

आमच्या घरात आम्ही दोघं. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे फक्त मोठ्या आतड्याची सूज. मावसभावाला क्रोन्स, तो पचनमार्गात कुठेही होतो. दोन्ही आतड्याच्या सुजेचेच आजार, पण वंशाचा वाटा दोन्हींत सारखा नाही. हे कळलं जुळ्यांवरून. हुबेहूब जुळ्यांची जनुकं जवळपास तीच असतात. त्यांच्यात एकाला क्रोन्स असेल तर दुसऱ्यालाही होण्याचं प्रमाण साधारण 30 ते 50 टक्के निघालं. कोलायटिसमध्ये ते बरंच कमी, 10-15 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जनुकं तीच असूनही बहुतेक जुळ्या भावंडांना माझा आजार झालाच नाही. हे मी प्रत्येक आईला दोनदा सांगते. आईला हा आजार आहे एवढ्यावरून मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडतं, तेव्हा मला फार राग येतो. एका पालकाला असला, तरी बहुतेक मुलांना तो होत नाही.

क्रोन्सशी जोडलेलं पहिलं जनुक, नॉड-2, 2001 मध्ये सापडलं. आतड्यातल्या जंतूंच्या भिंतीचा तुकडा ओळखून पेशीला सावध करायचं हे त्याचं काम. त्यात बिघाड असेल तर सूज बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात धरते आणि तिथे आतडं आक्रसतं. कोलायटिसमध्ये जोर आहे तो एचएलए जनुकांचा, आपलं-परकं ओळखणाऱ्या. आणि मोठ्या आतड्यापुरता असलेला क्रोन्स? 2016 च्या एका मोठ्या अभ्यासात तो जनुकांच्या हिशेबाने या दोघांच्या मधे निघाला. या आजारांशी जोडलेल्या गुणसूत्रांवरच्या एकूण दोनशेहून जास्त जागा सापडल्यात, बहुतेकींचा धक्का अगदी हलका. शिवाय नॉड-2 मधले गाजलेले बदल युरोपातल्या लोकांचे. आपल्याकडे ते क्वचितच दिसतात. त्यामुळे पोरीची जनुक तपासणी करून भविष्य कळेल, या आशेने पैसे घालवू नका. अपवाद तान्ह्या बाळांचा. काही बाळांत आयएल-10 च्या, म्हणजे सूज आवरायचा निरोप देणाऱ्या रेणूच्या, रिसेप्टरचं एकच जनुक बिघडलेलं असतं आणि आजार फार उग्र येतो. तिथे तपासणी करायलाच हवी, कारण उपाय बदलतो, अस्थिमज्जा प्रत्यारोपणापर्यंत जातो.

मोठ्यांसाठी मात्र एक तपासणी खरंच कामाची आहे. मावसभावाला अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू झालं आणि महिना होत नाही तोच कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. टाळूवर हात फिरवला तरी बोटांत केस. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासणीत, पांढऱ्या पेशी एकदम खाली. गोळी थांबवली, तो सावरला. पुढे कळलं, एनयूडीटी-15 या जनुकाच्या त्याच्या दोन्ही प्रती बदललेल्या. हा बदल आशियाई लोकांत, आपल्यातही, बऱ्यापैकी आढळतो. युरोपीय लोकांत फार कमी. अशा माणसाला नेहमीचा डोस झेपत नाही.

तेव्हा चिठ्ठीवर हे औषध आलं, तर पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना या तपासणीचं विचारा. आणि ती नॉर्मल आली तरी सुरुवातीच्या महिन्यांतला सीबीसी चुकवू नका.