तुम्ही विचारलंत म्हणून: अजूनही मॅचला जाते का?

सांगलीला गेले की कुणी ना कुणी विचारतंच. मागच्या खेपेला आत्याने विचारलं, त्याआधी शाळेतल्या मैत्रिणीने. इथे नॉटिंगहॅममध्ये हळदीकुंकवाला भेटणाऱ्या बायकाही विचारतात. शब्द थोडे इकडेतिकडे, पण प्रश्न तोच. "अगं, तो मुलगा बर्फावर खेळताना गेला ना, गळ्याला ब्लेड लागून? तरी अजून जातेस तू बघायला? आणि लेकीलाही शिकायला पाठवतेस?"

विचारणाऱ्यांचा मला राग येत नाही. पण तुमच्यापैकी बहुतेकांनी ब्रिटिश आइस हॉकीचं जे काही पाहिलंय ते म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरत आलेला तो काही सेकंदांचा व्हिडिओ. मी तो आजपर्यंत पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही. इथला सीझन सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत चालतो. इथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, एलीट लीगमध्ये, दहा संघ आहेत, प्रत्येकाने बाकीच्या नऊ जणांशी सहा-सहा वेळा खेळायचं, म्हणजे लीगच्याच 54 मॅच. शिवाय चॅलेंज कप आणि शेवटी प्लेऑफ. त्या सगळ्याचं तुमच्यापर्यंत पोचलं काय, तर तेवढे सेकंद. म्हणून आज जरा सविस्तर सांगते.

मला या खेळाची गोडी लावली ती शेजारच्या आजींनी. इकडे वयाने मोठ्यांनाही नावाने हाक मारतात, मला ते जमत नाही, म्हणून मी त्यांना आजीच म्हणते. त्यांनाही आता तो शब्द आवडतो. आम्ही इथे आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात चार वाजता अंधार पडायला लागला आणि मी घरात कोमेजायला लागले. एका शनिवारी आजी दारात आल्या, हातात एक जास्तीचं तिकीट आणि काळा-सोनेरी मफलर. "कोट घाल, आत गार असतं," एवढंच म्हणाल्या.

आत गार असतं म्हणजे कसं, ते शब्दांत येत नाही. दार ढकललं की बर्फाचा एक वास येतो, ओल्या दगडासारखा. आणि आवाज! टीव्हीवर तो कळतच नाही. बुटांखालच्या पात्याने बर्फ कापत खेळाडू वळतो तेव्हा जाड कापड टराटरा फाडल्यासारखा आवाज होतो. कुणी कडेच्या फळीवर आदळलं की आपल्या पायाखालची पायरीसुद्धा हलल्यासारखी वाटते. पक, म्हणजे त्यांचा चेंडू म्हणा, तीन इंच रुंद आणि एक इंच जाड रबराची चकती. मॅचच्या आधी ती फ्रीझरमध्ये ठेवतात, म्हणजे उसळत नाही, सरळ घसरते. पहिल्या दिवशी मला ती दिसतच नव्हती. आजी म्हणाल्या, पक शोधू नकोस, खेळाडूंचे खांदे कुठे वळतात ते बघ. तो सल्ला मला आजही पुरतोय.

खेळ वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांचा. एका वेळी प्रत्येक संघाचे गोलकीपर धरून सहा जण बर्फावर असतात आणि गोलकीपर सोडून बाकीचे जेमतेम पाऊण मिनिटाने दमून बाकावर परततात, त्यांच्या जागी दुसरे उड्या टाकून जातात. खेळ चालू असताना तुम्ही जागेवरून उठायचं नाही, मागच्यांना अडथळा होतो. खेळ थांबला की चहा आणायला पळायचं. मध्यंतरात लोक पैसे देऊन नंबर घातलेले फोमचे पक घेतात आणि बर्फावर फेकतात, मधल्या खुणेच्या सगळ्यात जवळ ज्याचा पडेल त्याला बक्षीस. ख्रिसमसच्या सुमाराला एका मॅचला आपल्या संघाचा पहिला गोल झाला की सगळं स्टेडियम टेडी बेअर बर्फावर फेकतं आणि ती खेळणी मुलांच्या संस्थांना जातात. समोरच्या संघाचे लोक त्यांच्या रंगाचे शर्ट घालून तुमच्या शेजारून जिना चढतात, पोलिसांची मधे भिंत नाही. फुटबॉलमध्ये हे मला इथे कधी दिसलं नाही.

आणि आमच्या गावात हा खेळ काही काल आलेला नाही. आमच्या संघाची, पँथर्सची, पहिली मॅच 1946 सालची. आजी आठ-नऊ वर्षांच्या असताना वडिलांचा हात धरून जुन्या आइस स्टेडियमवर जायच्या. मग 1960 मध्ये संघ बंद पडला आणि तब्बल वीस वर्षं नॉटिंगहॅमला हॉकी नव्हती. 1980 मध्ये पुन्हा उभा राहिला तेव्हा आजी स्वतःच्या मुलांना घेऊन गेल्या. जुनं स्टेडियम पाडून नवीन नॅशनल आइस सेंटर आणि अरीना झालं ते 2000 च्या सुमाराला. बाहेरच्या चौकाचं नावच बोलेरो स्क्वेअर. याच गावच्या जेन टॉर्विल आणि ख्रिस्तोफर डीन या जोडीने 1984 च्या साराजेव्हो ऑलिंपिकमध्ये 'बोलेरो'च्या सुरांवर सुवर्णपदक जिंकलं, त्याची ती आठवण. ती एका विमा कंपनीत कारकून होती आणि तो पोलीस. बर्फ या गावच्या अंगात असा भिनलेला आहे.

आता त्या दिवसाबद्दल.

28 ऑक्टोबर 2023, शनिवार. त्या दिवशी कोजागिरी होती आणि नेमकं खंडग्रास चंद्रग्रहणही. आम्ही सात-आठ कुटुंबं एका मैत्रिणीकडे जमलो होतो. दूध आटवायला ठेवलेलं, आणि ग्रहण सुटायच्या आधी प्यायचं की नंतर यावर स्वयंपाकघरात वाद रंगलेला. इथल्या घड्याळात ग्रहण साडेआठनंतर लागायचं होतं. पँथर्स त्या रात्री शेफील्डला स्टीलर्सशी चॅलेंज कपची मॅच खेळत होते. शेफील्ड म्हणजे आमचे जुने प्रतिस्पर्धी, चाळीस मैलांवरचे. आजी फॅन्सच्या बसने तिकडे गेल्या होत्या. साडेआठच्या आसपास त्यांचा फोन आला. त्या फोनवर काहीच बोलेनात. मागे हजारो माणसं असूनही आवाज नव्हता. मग म्हणाल्या, "सत्तेचाळीस नंबर." आणि फोन ठेवला.

47 नंबरची जर्सी घालणारा ॲडम जॉन्सन, तुम्ही विचारता तोच मुलगा. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या हिबिंग गावचा, वय 29. त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे आला होता. याआधी पिट्सबर्ग पेंग्विन्सकडून एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या सगळ्यात मोठ्या हॉकी लीगमध्ये, 13 मॅच खेळलेला, आणि तिथला पहिला गोल त्याने स्वतःच्याच राज्यात, मिनेसोटाच्या संघाविरुद्ध केलेला. आमच्या लीगमध्ये कॅनडा-अमेरिकेची अशी बरीच मुलं येतात. एका वर्षाचा करार, क्लबने दिलेलं घर. कुणी इथे एमबीएही करून घेतं. सप्टेंबरमध्ये आपण त्यांची नावं पाठ करतो आणि एप्रिलमध्ये निरोप देतो. या मुलाला मी जेमतेम काही मॅचमध्ये पाहिलं होतं. पण पक त्याच्याकडे आला की पूर्ण स्टँड पुढे सरकून बसायचा, इतका वेगवान.

त्या रात्री आमच्याकडचं दूध पातेल्यात तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी आजींबरोबर बोलेरो स्क्वेअरला गेले. फुलं, मफलर, शर्ट. एकट्या काळ्या-सोनेरी रंगाचे नव्हेत, शेफील्डचे नारिंगी, बेलफास्टचे, कार्डिफचेही. एका लहान मुलाने आपली हॉकीची काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि तसाच उभा राहिला. आजींनी वाकून फुलं ठेवली. तिथे त्या बराच वेळ उभ्या होत्या.

त्यानंतर तीन आठवडे मी लेकीला क्लासला पाठवलं नाही. ती तेव्हा नऊ वर्षांची होती, नुकतंच मागे सरकत वळायला शिकली होती. आई फोनवर म्हणाली, "पोरीला पाठवू नकोस, माझी शपथ आहे तुला." मी हो म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

18 नोव्हेंबरला मँचेस्टर स्टॉर्मशी त्याच्या स्मरणार्थ मॅच ठेवली होती. मी जाणार नव्हते. आजींनी दार वाजवलं, हातात तेच जास्तीचं तिकीट. आत गेल्यावर बर्फाचा वास आला आणि मला रडू फुटलं. साठ मिनिटांच्या खेळात 47वं मिनिट येतं ते तिसऱ्या सत्रात. त्या मिनिटाला सगळे उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. कुणी घोषणा दिली नाही, फक्त टाळ्या. मी आजींकडे पाहिलं. हातमोजे काढून वाजवत होत्या, गारठ्याने लाल झालेले तळवे. आठव्या वर्षापासून येणाऱ्या, मधली वीस वर्षं खेळाविना काढलेल्या बाईला मी "आता पुरे" कसं सांगणार होते? आणि मला स्वतःलाच ते सांगायचं नव्हतं, हेही तिथे कळलं. इथल्या अंधाऱ्या हिवाळ्यात या खेळाने मला माणसं दिली. ती माणसं दुःखात असताना आपण घरी बसायचं, हे मला पटलं नाही.

पण लेकीचं काय, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, आणि तोच खरा. तिथे भावनेवर चालत नाही.

मी वाचत बसले. गळ्याला पातं लागणं ही पहिली वेळ नव्हती. 1989 मध्ये बफेलोचा गोलकीपर क्लिंट मालार्चक याच कारणाने मरता मरता वाचला, 2008 मध्ये रिचर्ड झेडनिक. सगळ्यांना ठाऊक होतं. गळ्याला लावायचा संरक्षक पट्टा, नेक गार्ड, तेव्हाही बाजारात मिळत होता. मोठे खेळाडू तो घालत नव्हते, कारण गरम होतं, मान आवळते, आणि आजवर कुणी घातला नाही. याचा मला आजही संताप येतो. हेल्मेटचंही असंच झालं होतं. 1968 मध्ये बिल मास्टरटन हा खेळाडू डोकं बर्फावर आपटून गेला, तरी एनएचएलने नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचं केलं ते 1979 मध्ये, आणि जुन्यांना सूट होती म्हणून हेल्मेटशिवायचा शेवटचा खेळाडू 1997 पर्यंत खेळत राहिला! आपल्याकडे बाबा अजून रमण लांबाची आठवण काढतात. 1998 मध्ये ढाक्याला शॉर्ट लेगला हेल्मेट न घालता उभा राहिला, डोक्याला चेंडू लागला आणि तीन दिवसांनी गेला. क्रिकेट कुणी सोडलं नाही. सोडायला हवं होतं असं बाबाही म्हणत नाहीत. हेल्मेट घालायला हवं होतं, असं म्हणतात.

इथे निदान वेळ दवडली नाही. 1 जानेवारी 2024 पासून आमच्या लीगमध्ये नेक गार्ड सक्तीचा झाला. एनएचएलमध्ये मात्र तो 2026-27 पासून, आणि तोही फक्त नव्याने येणाऱ्यांना. मोठी, श्रीमंत लीग मागे राहिली आणि जिचं नाव तुम्ही त्या व्हिडिओआधी ऐकलंही नव्हतं ती छोटी लीग पुढे गेली, हे मला मुद्दाम सांगायचंय.

जानेवारीच्या पहिल्या मॅचला मी खेळ कमी आणि गळे जास्त पाहिले. एकेकाचा गळा काळ्या पट्ट्याने झाकलेला. कुणी बाकावर बसला की बोट घालून जरा सैल करायचा, बर्फावर उतरताना पुन्हा नीट दाबायचा. दोन-तीन आठवड्यांत ती बोटं थांबली. सवय व्हायला एवढाच वेळ लागतो.

त्या सीझनचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण कुणी विचारत नाही. स्टीलर्सनी चॅलेंज कप जिंकला, लीग जिंकली आणि एप्रिलमध्ये प्लेऑफही जिंकला. प्लेऑफचा शेवटचा वीकेंड दरवर्षी आमच्याच अरीनात होतो, म्हणजे आमच्या शेजाऱ्यांनी तिसरा करंडक उचलला तो आमच्या घरात. एरवी आजी असल्या वेळी उठून चालायला लागल्या असत्या. त्या वर्षी शेवटपर्यंत बसल्या आणि टाळ्या वाजवल्या. ऑक्टोबरमधल्या त्या रात्री शेफील्डच्या मुलांनीही जे पाहिलं होतं ते मनात घेऊनच ती पुढच्या सगळ्या मॅच खेळली होती, एवढंच म्हणाल्या. 47 नंबर आता पँथर्समध्ये कुणाला मिळत नाही.

लेक पुन्हा क्लासला जायला लागली. आईला मी फोन करून सांगितलं, शपथ मोडते आहे म्हणून. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तो पट्टा दाखव मला." व्हिडिओ कॉलवर दाखवला. आतून मऊ, मधे पातं लागलं तरी सहजी न कापणारं कापड, मागे वेल्क्रो. आईने तो लेकीला घालायला लावला, मान डावीकडे वळव, उजवीकडे वळव, मागून दाखव, बोट जातं का बघ, सगळं तपासलं. आता दर रविवारी सकाळी, सांगलीत दुपार असते, आईचा एक मेसेज येतो: पट्टा घातला का?

उद्या रविवार आहे. पट्टा धुऊन रेडिएटरवर वाळत टाकलाय. आणि आज संध्याकाळी मॅच आहे, आजी साडेसहाला दार वाजवतील.