फाल्सिपेरमचं अर्धं कोरं पान

मागच्या खेपेला लिहिलं होतं की हिवतापाच्या दोन तयार स्लाइड मागवल्यात, एक वायव्हॅक्सची, एक फाल्सिपेरमची (हिवतापाच्या परजीवीच्या या दोन जाती). पावसाळा संपेपर्यंत दोन्हींतली प्रत्येक अवस्था पेन्सिलीनं वहीत उतरवायची असा बेत होता. वायव्हॅक्सचं पान भरलं. फाल्सिपेरमचं अर्धं कोरंच राहिलं, आणि आजची नोंद त्या कोऱ्या अर्ध्याची आहे.

आधी यंत्राची, म्हणजे मायक्रोस्कोपची, कहाणी. १०० च्या लेन्सखाली तेलाचा थेंब ठेवल्यावर ४० ची लेन्स मागे फिरवायची नाही, हे मला पाठ आहे. तरी फिरवली. चार दिवस सगळं जग धुक्यात. साफ करण्यात एक अख्खा रविवार गेला.

वायव्हॅक्स पहिल्याच संध्याकाळी सापडला, कारण तो ज्या पेशीत शिरतो ती शेजारणींपेक्षा टम्म फुगते आणि फिकी पडते. रंग नीट बसला असेल तर तिच्यावर बारीक गुलाबी ठिपक्यांची रांगोळी दिसते. हेच ते श्युफनरचे ठिपके. आत परजीवी कसाही पसरलेला, ओल्या कागदावर शाई फुटावी तसा. तिसऱ्या दिवशी एक पिकलेली पेशी मिळाली. मधोमध तपकिरी रंगद्रव्याचा गोळा आणि भोवती पिल्लं. तीनदा मोजली, १६ भरली. एकाच काचेवर अंगठीसारखा दिसणारा कोवळा, वाढता, पिकलेला आणि डासासाठी तयार झालेला गोल नर-मादी प्रकार, सगळं कुटुंब हजर.

फाल्सिपेरममध्ये नुसत्या अंगठ्या. नाजूक, रेघ इतकी बारीक की फोकस केसभर हलला तरी गायब. काहींना एकाऐवजी दोन खडे, काही पेशीच्या अगदी काठाला चिकटलेल्या, आणि एकेका पेशीत दोन-दोन, तीन-तीन. पेशी मात्र फुगलेली नाही. (पहिल्या दिवशी मी काढलेल्या चारपैकी दोन अंगठ्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणारे बारीक कण, निघाल्या. पेशीवर बसलेली प्लेटलेट भल्याभल्यांना फसवते म्हणतात. मी तर भलाही नाही.) तीन संध्याकाळींनंतर एक केळ्याच्या आकाराचा गॅमेटोसाइट (तोच डासासाठीचा नर-मादी प्रकार) दिसला, तेव्हा घरात ओरडलो. पण पिकलेली पेशी एकही नाही. वायव्हॅक्समध्ये तिसऱ्या दिवशी मिळालेली गोष्ट इथे तीन आठवडे नाही.

विकणाऱ्यानं कच्चा माल गळ्यात मारला, अशी माझी खात्री झाली. आमच्या सोसायटीत एक निवृत्त लॅब टेक्निशियन राहतात. त्यांची नोकरीची बरीच वर्षं गडचिरोलीच्या भागात स्लाइडी तपासण्यात गेली. त्यांना म्हटलं, "काका, स्लाइड अर्धवट दिलीय बहुतेक." ते हसले. "अरे, रक्तात फिरतच नाहीत ती, काचेवर कुठून येतील? पीएफमध्ये, म्हणजे फाल्सिपेरममध्ये, रिंग आणि केळी, एवढंच दिसायचं. बाकीची आत अडकून बसतात."

इथून पुढे वाचन सुरू झालं. दोघांचंही लाल पेशीतलं चक्र साधारण ४८ तासांचं. पहिल्या अर्ध्यात फाल्सिपेरमची पेशी रक्तात फिरते. मग परजीवी तिच्या पृष्ठभागावर बारीक गाठी उभ्या करतो आणि त्यांवर एक चिकट प्रथिन बसवतो. त्या जोरावर पेशी केशवाहिन्यांच्या भिंतीला धरून राहते. फायदा परजीवीचा: रक्त प्लीहेतून गाळलं जातं तेव्हा बिघडलेल्या पेशी तिथे पकडल्या जातात, आणि जी पेशी प्रवासच करत नाही ती पकडली जात नाही. तोटा आपला. त्या वाहिन्या मेंदूतल्या असतील तर सेरेब्रल मलेरिया, गर्भवतीच्या वारेत असतील तर बाळाचं वजन घटतं. वायव्हॅक्सला अशी घट्ट पकड नाही, म्हणून त्याचं कुटुंब काचेवर हजर.

दुसरा फरक मोजून पाहिला. दोन्ही स्लाइडवर हजार-हजार लाल पेशी मोजल्या. वायव्हॅक्समध्ये ५ बाधित, फाल्सिपेरममध्ये ३८. दोन काचा म्हणजे दोनच माणसं, त्यावरून नियम काढणं हास्यास्पद आहे. पण दिशा पुस्तकाशी जुळते. वायव्हॅक्सला कोवळ्या लाल पेशीच आवडतात, आणि निरोगी रक्तात त्या शंभरात एक-दोन. त्याचं ताटच लहान. फाल्सिपेरम कोवळी-जून काही बघत नाही. शिवाय माझे ३८ हे फक्त फिरतीवरचे. चिकटून बसलेले मोजणीत आलेच नाहीत. म्हणून त्याच आकड्याचा एक रुग्ण बरा असतो आणि दुसरा अत्यवस्थ. उलट फाल्सिपेरमच्या रुग्णाच्या रक्तात पिकलेल्या पेशी फिरताना दिसू लागल्या, तर डॉक्टर ते वाईट लक्षण धरतात: आत किती असतील!

गंमत पुढे आहे. हट्टानं दुसरीकडून फाल्सिपेरमची आणखी एक स्लाइड मागवली, आणि तिच्यावर पिकलेल्या पेशी ढिगानं! काकांचं म्हणणं खोटं पडलं म्हणून मी खूश. मग डबीवरची बारीक अक्षरं वाचली. ती रुग्णाच्या रक्ताची नव्हतीच, प्रयोगशाळेत वाढवलेल्या परजीवींची, म्हणजे "कल्चर"ची होती. १९७६ मध्ये ट्रेगर आणि जेन्सन यांनी हा परजीवी बाटलीत सतत वाढवण्याची रीत बसवली. बाटलीत ना प्लीहा, ना रक्तवाहिनीची भिंत. चिकटायला जागाच नाही, म्हणून सगळे उघड्यावर. काकांना दाखवलं तर म्हणाले, "बघ, मी काय सांगत होतो!"

एकाच जातीच्या आतही फरक आहेत. त्या चिकट प्रथिनासाठी फाल्सिपेरमकडे साधारण ६० जनुकांचा संच असतो, आणि एका वेळी त्यातलं एकच तो वापरतो. एक नमुना वारेला पकडतो, काही नमुने मेंदूतल्या वाहिन्यांवरच्या एका रिसेप्टरला (पकडायच्या रेणूला). आणि लहान मुलांच्या गंभीर मलेरियाशी नातं या दुसऱ्यांचं सापडलंय. आपल्या यंत्रातून यातलं काही दिसत नाही. त्या गाठींनाही इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो.

वायव्हॅक्सला मवाळ म्हणू नका मात्र. क्वचित तोही जिवावर बेततो. शिवाय तो यकृतात झोपून राहतो. माझ्या मावसभावाला एकदा चावलेला डास दोन पावसाळे पुरला, कारण यकृतातल्या झोपलेल्यांना मारणाऱ्या प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स त्या भावानं ताप उतरताच सोडला. कोरियातला वायव्हॅक्स तर पहिला ताप यायलाच कित्येकदा सहा महिन्यांहून जास्त घेतो. तिथल्या हिवाळ्यात डास नसतात, मग घाई कसली.

आता मलेरिई या आणखी एका जातीची स्लाइड वाटेत आहे. तिचं चक्र ७२ तासांचं, आणि पेशीच्या आरपार पट्ट्यासारखा दिसणारा परजीवी काढायचाय. नोलेसी या जातीची मिळाली तर हवीच: चक्र २४ तासांचं, म्हणून संख्या झपाट्यानं चढते, आणि काचेवर तो हुबेहूब मलेरिईसारखा दिसतो. कुणाला तयार स्लाइडचा विश्वासू विक्रेता माहीत असेल तर कळवा. आणि हो, डबीवर "कल्चर" लिहिलंय का ते आधी विचारा.