बिल एकटा असतो तेव्हा

"मावशी, इथे त्याला चिडवायला कुणी नाहीये ना, म्हणून हसतोय तो."

काल रात्री भाची सहज बोलून गेली आणि आज दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना.

आम्ही 'फ्रीक्स अँड गीक्स' ही अमेरिकन मालिका बघत होतो. १९८० सालची मिशिगनमधली शाळा. त्यात बिल नावाचा उंच, किडकिडीत, मोठ्या चष्म्याचा पोरगा. खेळाच्या तासाला संघ पाडताना हा कायम शेवटी उरणारा. एका भागात तो शाळेतून रिकाम्या घरी येतो, चीज सँडविच भाजतो, केक घेतो आणि टीव्हीसमोर बसतो. पडद्यावर विनोदवीर गॅरी शँडलिंग. बिल तोंडात घास असतानाच खदखदून हसतो. अख्ख्या प्रसंगात कुणी त्याच्याशी बोलत नाही, आणि मालिकाभर तो इतका मोकळा क्वचितच दिसतो.

मालिकेचा कर्ता पॉल फीग स्वतः मिशिगनमध्येच वाढलेला, त्यामुळे यातलं काहीच उसनं वाटत नाही. इतकी जीव लावून केलेली मालिका! १८ भाग तयार होते, पण १२ दाखवून झाल्यावर २००० साली वाहिनीनं ती बंद केली. मला अजून त्याचा राग येतो.

मुलं घरी आली की आपण मार्क विचारतो, डबा संपवला का विचारतो. आज शाळेत हसलास का, हे कुणी विचारत नाही.

तुमच्या वर्गात शेवटी उरणारा मुलगा कोण होता? मधल्या सुट्टीत कुणी बसायचं का त्याच्याजवळ?