पाच किलो जास्त

तांबडी, माझी घोडी, आणि मी चार दिवसांच्या भटकंतीला निघणार आहोत. आज तिच्या छातीभोवती फीत लावून वजन काढलं. ४३० किलो. मग खोगीर हातात धरून, मागे बांधायच्या दोन्ही पिशव्या खांद्यावर टाकून मी स्वतः काट्यावर उभी राहिले. ९१. तेव्हापासून काही सुचत नाहीये.

घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं नको, हे मीच सगळ्यांना सांगत आलेय. तिचा पाचवा हिस्सा ८६. पाच किलोंनी काय होतंय, असं दुपारभर स्वतःला समजावलं. २००८ मधला अमेरिकेतल्या ओहायोतला प्रयोगही पुन्हा वाचून काढला. आठ घोडे, १५ ते ३० टक्के ओझं. २० टक्क्यांपर्यंत निभावलं, २५ ला नाडी वाढलेली. आमचे २१ टक्के. म्हणजे तसं काही बिघडत नाही.

पण सकाळी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना तिनं कान मागे पाडले होते. एरवी पाडत नाही. पट्ट्याखाली हात फिरवून पाहिला, कुठे सूज नाही, घासलेलं नाही. तरी पाडले. आणि मी "झालं गं, झालं" म्हणत पुढचं भोक ओढलंच. तेच सारखं आठवतंय. इतके महिने वाट मी आखली, मुक्काम मी ठरवले, चार दिवस आणि तीन रात्री माझ्या हौशीच्या. तिला कुठे जायचंय का?

मलाही कुणी कुठे विचारलं. सोबत येणाऱ्या दोघांनी ऐन वेळी अंग काढून घेतलं. निदान दुसरा घोडा सोबत असता तर रात्री अनोळखी जागी तिला बरं वाटलं असतं. सामानही वाटून गेलं असतं. पण ते जाऊ दे.

संध्याकाळी पिशव्या उपसल्या. तिला बांधायला दोन झाडांमध्ये ताणायचा दोर, झाडाची साल सोलली जाऊ नये म्हणून खोडाला गुंडाळायचे रुंद पट्टे, पायबंद, तोबरा, खूर साफ करायचा आकडा. यातलं काहीच निघणार नाही. रोजचं आठ-नऊ किलो वाळलं गवत तर आधीच गाडीनं मुक्कामावर जायचंय. मग माझं काढलं. दुसरे बूट, कॅमेरा, जाड पांघरूण, दोन्ही पुस्तकं. साडेतीन किलो गेले. उरलेल्या दीडसाठी बराच वेळ पिशवीत हात घालून बसले होते, आणि एकदम लक्षात आलं की पाय मलाही आहेत. चढ आला की उतरायचं, लगाम धरून तिच्या बाजूनं चालायचं. तीव्र उतारालाही. दिवसाचे २४ किलोमीटर धरले होते, ते १५ केले. तिसरा मुक्काम गळला. त्या तळ्यासाठीच तर मी हा रस्ता निवडला होता. थोडं वाईट वाटलं, पण सकाळइतकं नाही.

उद्यापासून तंग एकदम आवळायचा नाही. थोडा ओढायचा, चार पावलं चालवायचं, मग पुढचं भोक.

रात्री घडीची नवी बादली भरून तिच्यासमोर ठेवली. दिवसाला तीसेक लिटर पाणी लागतं तिला, आणि परक्या भांड्यातलं ती प्यायली नाही तर पोटशूळ उठायची भीती. तिनं वास घेतला, फुरफुरली, आणि जुन्या बादलीकडे वळली. नवी तिथेच राहू दिलीय. निघायला अजून दोन आठवडे आहेत.