तुम्ही विचारलंत म्हणून: मेनफ्रेमवाल्या बाईला वेबचं काय वाटतं?

लग्नात, सोसायटीच्या सत्यनारायणाला, सकाळच्या लोकलमध्ये, प्रश्न ठरलेला. "तुम्ही अजून मेनफ्रेमवरच? ते बंद नाही झालं?" आणि पाठोपाठ, जरा कीव येऊन, "मग हे वेबचं नवीन नवीन बघून काय वाटतं हो तुम्हाला?"

पहिल्याचं उत्तर: नाही झालं. मेनफ्रेम म्हणजे बँकांसारख्या मोठ्या संस्थांचे व्यवहार एकगठ्ठा सांभाळणारा मोठा संगणक. आयबीएमने सिस्टीम/३६० हे मेनफ्रेमचं घराणं जाहीर केलं ७ एप्रिल १९६४ ला, माझ्या जन्माआधी. तेव्हाच्या धाटणीचे प्रोग्राम आजच्या मशीनवरही चालतात. बँका आणि विमा कंपन्या हौस म्हणून ते सांभाळत नाहीत, एवढं सांगून मी पुढे जाते.

दुसऱ्याला वेळ लागतो. माझं काम परफॉर्मन्सचं, म्हणजे थांबण्याचा हिशेब. एखादं काम किती वेळ सीपीयूवर होतं, किती वेळ डिस्ककडे डोळे लावून बसलं होतं, किती वेळ नुसतंच रांगेत होतं. मेनफ्रेम हे सगळं एसएमएफ रेकॉर्डमध्ये, म्हणजे स्वतःच्या हिशेबवहीत, आपणहून लिहून ठेवतं. त्यातला टाइप ३० नावाचा नोंदीचा प्रकार काढला की जॉबची, म्हणजे त्या कामाची, कुंडली हातात. ही टापटीप आली पैशातून. मशीन महाग, वापरणारी खाती अनेक, त्यामुळे प्रत्येक सेकंद कुणाच्या तरी नावे टाकावाच लागे. पुढे सॉफ्टवेअरचं भाडंही तसंच: कित्येक वर्षं महिन्यातल्या सगळ्यात जड चार तासांच्या सरासरीवर बिल यायचं. मी एकदा एका खात्याचा सकाळी अकराचा रिपोर्ट रात्री दोनला ढकलला. बिल उतरलं. त्या खात्याचे साहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

आता वेब. मला ते परकं कधी वाटलंच नाही. १९७१ च्या ३२७० टर्मिनलवर, म्हणजे मेनफ्रेमला जोडलेल्या स्क्रीन-कीबोर्डवर, तुम्ही अख्खा फॉर्म भरायचात, एंटर दाबायचात, आणि जे बदललं तेवढंच मशीनकडे जायचं. पलीकडचा सीआयसीएस (मेनफ्रेमवर व्यवहार हाताळणारी यंत्रणा) मधला प्रोग्राम स्क्रीन पाठवून चक्क संपून जायचा. एंटर आलं की नव्याने उठायचा आणि आपण कुठे होतो ते जवळच्या चिठ्ठीवरून वाचायचा. त्या चिठ्ठीला आम्ही कॉमएरिया म्हणतो. एचटीएमएलचा, म्हणजे वेबपानावरचा, फॉर्म आणि त्यामागची कुकी, म्हणजे ब्राउझरकडची तशीच चिठ्ठी, पहिल्यांदा समजून घेतली तेव्हा शाळेतली मैत्रीण दादरच्या पुलावर भेटावी तसं झालं.

म्हणून सगळं जुनंच आहे असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. आमच्यात असे बरेच आहेत, आणि ते कंटाळवाणे असतात. वेबअसेम्ब्ली डिसेंबर २०१९ मध्ये अधिकृत मानक झालं. त्यातून सी++ किंवा रस्ट या भाषांतला कोड ब्राउझरच्या बंदिस्त खोलीत जवळपास मूळ वेगाने चालवायचा, हे काम मला मनापासून आवडलं. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याची नवी पद्धत म्हणजे एचटीटीपी/३, तिचं मानक जून २०२२ चं. त्यात एक पॅकेट हरवलं म्हणून बाकीची ओळ खोळंबत नाही, आणि घरच्या वायफायवरून जिन्यात मोबाईल डेटावर आलात तरी जोडणी टिकवायची सोय आहे. ज्यांनी हे घडवलं ते आमच्याच जातकुळीतले, थांबणं मोजणारे.

खटकतं ते वेगळंच. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू मागे वर आल्या. एक बिल भरायचं होतं, ते होत नव्हतं. फोन साधा, तीन-चार वर्षांपूर्वीचा. पान उघडलं, रक्कम दिसली, "पैसे भरा" हे हिरवं बटण दिसलं. काकूंनी दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, मग जरा जोरात. मी सवयीने मनात आकडे म्हणत होते. अकराव्या सेकंदाला बटण एकदम जागं झालं आणि पान दोनदा हललं.

मी फोन लॅपटॉपला जोडून पाहिलं. सर्व्हरने पानाचं चित्र एका सेकंदात पाठवलं होतं. त्याचा आलेख दाखवून कुणीतरी शाबासकीही घेतली असेल. बटणाला जीव देणारं जावास्क्रिप्ट मागून येत होतं, आणि ते उलगडून चालवायचं काम काकूंच्या फोनचं होतं. ते दहा सेकंद, तेवढी बॅटरी, तेवढा डेटा, सगळं काकूंच्या खात्यावर. कंपनीच्या कुठल्याच वहीत त्याची नोंद नाही. वहीत नाही म्हणजे ते कमी करायला कुणी रात्री जागणार नाही.

मोजतच नाहीत असं नाही. गूगलच्या निकषात बटण दाबल्यापासून स्क्रीन बदलेपर्यंत २०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर चांगलं. पण हे पाहतात ७५ व्या शतमकाला (शंभर भेटी जलद ते मंद लावल्या तर पंचाहत्तराव्या जागी), म्हणजे चारातल्या एका भेटीत लोक ताटकळले तरी शेरा "चांगलं" असू शकतो. आमच्याकडे वर्कलोड मॅनेजरला, म्हणजे कामांना मशीन वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरला, १९९४ पासून उद्दिष्ट सांगता येतं: ९० टक्के व्यवहार अर्ध्या सेकंदात. आणि उरलेल्या दहांसाठीही शाखेतून फोन यायचेच. चारातला तो एक जण कोण, तर बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त फोनवाला. तो फोन करून ओरडत नाही, निघून जातो.

३२७० वर एंटर दाबलं की कीबोर्डच बंद व्हायचा आणि तळाशी एक्स आणि घड्याळाचं चित्र यायचं. दिसायला भिकार. पण तुमचं पोचलंय, आता थांबा, एवढं त्यातून कळायचं, आणि दुसऱ्यांदा दाबायची सोयच नव्हती. काकूंचं बटण मात्र हिरवंगार आणि ठार बहिरं.

मी हे सगळं काकूंना समजावून सांगितलं, जरा जास्तच. त्यांनी चहा संपवला. दुसऱ्या दिवशी चेक घेऊन भरणा केंद्रावर गेल्या. संध्याकाळी जिन्यात भेटल्या तेव्हा मी विचारलं, रांग होती का?

"सात जण होते पुढे," काकू म्हणाल्या. "पण दिसत तरी होते."