आमची वाटचाल : डाळमिलच्या शाफ्टपासून बॉलिंग बॉलपर्यंत

जळगाव एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे, आण्णांनी टाकलेलं. डाळमिलचे शाफ्ट, बेअरिंग हाउसिंग, पाइपवाल्यांच्या डाय, असलीच कामं. इथे बॉलिंगच्या बॉलला भोकं पाडून मिळतात म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, क्रिकेटच्या बॉलला भोक कशाला भो?

झालं असं, मी पुण्यात चार वर्षं नोकरीला होतो, तिथे ऑफिसच्या पोरांसोबत टेनपिन बॉलिंगचं वेड लागलं, म्हणजे लांब लेनवरून जड बॉल सोडायचा आणि टोकाला उभ्या दहा पिना पाडायच्या, तो खेळ. सेंटरमधले बॉल कोणाच्याच हाताला नीट बसत नाहीत, म्हणून एक सेकंडहँड बॉल घेतला तर त्यात अंगठा सोलून निघायचा. दिवाळीत घरी आणला, जुनी भोकं रेझिनने बुजवली आणि मिलिंग मशीनवर चढवला. आण्णा बाजूला उभे, म्हणे "हाई काय शे रे, टरबूज?" मी माझ्या हाताचं माप घेतलं, अंगठ्यापासून बोटांपर्यंतचं, ज्याला स्पॅन म्हणतात, आणि तीन भोकं पाडली. बॉल हातात मस्त बसला. पण लेनवर टाकला तर पहिल्यापेक्षा वेगळाच वळायला लागला, आणि तेव्हा कळलं की भोकं हाताला बसवणं वेगळं आणि बॉलमध्ये कुठे पाडायची ते वेगळं. त्या दुसऱ्यालाच लेआउट म्हणतात, आणि आमचा सगळा धंदा त्याच्यावर उभा आहे.

थोडक्यात सांगतो. बॉल भरीव दिसतो पण आत वेगळ्या आकाराचा, जड कोअर असतो, आणि वरचा छोटा रंगीत ठिपका त्या कोअरचं डोकं कुठे आहे ते दाखवतो. त्या ठिपक्यालाही पिनच म्हणतात, पाडायच्या पिना वेगळ्या. आता बॉल हातातून सुटला की भोवऱ्यासारखा एका आसाभोवती फिरतो, त्या आसाचं बॉलवरचं टोक म्हणजे पीएपी, पॉझिटिव्ह अॅक्सिस पॉइंट. हा पॉइंट प्रत्येकाचा वेगळा, दोघांचं मनगट सारखं नसतं ना. बॉलचा घेर साधारण २७ इंच, त्याचा पाव पावणेसात. पिन पीएपीवरच ठेवली किंवा बरोबर पावणेसात इंच लांब ठेवली तर कोअर शांत बसतो. मधोमध, ३ ३/८ इंचावर ठेवली तर सगळ्यात जास्त डळमळतो, दर फेरीला बॉलचा नवा कोरडा पट्टा लेनला लागतो आणि पकड वाढते.

मग सगळ्यांना ३ ३/८ च का नाही? हाच शहाणपणा मी केला. एक कॉलेजचा पोरगा आला, दोन हातांनी टाकणारा, अंगठा भोकात घालतच नाही, ऑस्ट्रेलियाचा नामवंत बॉलर जेसन बेलमॉन्टेसारखा. म्हणे दादा, जास्तीत जास्त हुक पाहिजे, म्हणजे बॉल जोरात वळला पाहिजे. दिला पाडून. लेन ६० फुटांची, टाकणाऱ्याकडच्या पहिल्या ४० फुटांच्या आसपास तेल लावलेलं, पण याच्या बॉलला फिरकीच एवढी की तेल संपायच्या आधीच वळायचा, पिनांपर्यंत पोचेस्तोवर दम संपलेला, आणि १० नंबरची पिन उभीच. त्याचा महागाचा बॉल, माझी चूक. भोकं बुजवली, २४ तास सुकू दिलं, पिन ५ इंचांवर नेऊन परत पाडलं, पैसे घेतले नाहीत. फिरकी त्याच्या हातातच होती, बॉलमध्ये आणखी ओतायची गरजच नव्हती. उलट आमचा एक जिमवाला आहे, गोळीसारखा जोरात टाकतो, फिरकी नावाला, त्याचा बॉल वळायच्या आधीच पिनांत. त्याला पिन ४ इंचांवर आणि बोटांच्या खाली दिली, बॉल लवकर गडगडायला लागला.

तेव्हापासून नियम केला, टाकताना बघितल्याशिवाय ड्रिल लावायचं नाही. जळगावात आमच्याकडे लेन नाही, त्यामुळे महिन्यातून एकदा पुण्याला जातो, बॉलवर पांढऱ्या टेपचा तुकडा लावून टाकायला लावतो आणि तो तुकडा न डगमगता एका जागी फिरेपर्यंत सरकवत राहतो, तो जिथे स्थिर तिथे पीएपी. मग तीन आकडे लिहितो, बॉल डिझाइनर मो पिनेल यांच्या ड्युअल अँगल पद्धतीने, समजा ५० × ४.५ × ३०. मधला आकडा पिन आणि पीएपीमधलं अंतर, इंचात; बाजूचे दोन कोन, अंशात. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सहा बॉल घेऊन परत. १५ पौंडी बॉल म्हणजे पावणेसात किलोच्या वर, सहाचे चाळीस किलो, डिकीत ठेवताना क्लीनर माझ्याकडे कसा बघतो ते विचारू नका.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये लेन बंद, आम्ही परत शाफ्टवर. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून अमेरिकेतल्या बॉलिंगचे नियम ठरवणाऱ्या यूएसबीसीने बॅलन्स होल, म्हणजे बोट न घालायचं जादा भोक, बंद केलं. आधी लेआउट थोडा चुकला तर चौथं भोक पाडून निभावून न्यायचो, आता बोटांची आणि अंगठ्याचीच भोकं चालतात. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, ते चौथं भोक म्हणजे अर्ध्या वेळा ड्रिलरची चूक झाकायचं बूच होतं.

आणि हो, प्रत्येकाला लेआउट विकत नाही. भुसावळचे एक रिटायर्ड रेल्वेवाले काका, आता मुलाकडे पुण्यात असतात, अंगठ्याचा सांधा दुखतो, बॉल सरळच टाकतात, त्यांना कोणीतरी महागडा रिअॅक्टिव्ह, म्हणजे लेनला जास्त पकडून वळणारा, बॉल घ्या म्हणून भरीला पाडलं होतं. मी म्हटलं काका, साधा प्लास्टिकचा घ्या, त्याचा कोअर एवढा कमजोर की पिन कुठेही ठेवा फार फरक नाही. स्पॅन जरा कमी केला, अंगठ्याच्या भोकाची कड गोल घासून दिली. तेवढ्याचंच बिल लावलं.

आता बॉलसाठी वेगळी एसी केबिन केलीय. पहिल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४५ डिग्रीत ठेवलेल्या एका वापरलेल्या बॉलमधून तेल घामासारखं वर आलं होतं आणि दुसरा तडकलाच, तो भरून द्यावा लागला. म्हणून एप्रिल-मेमध्ये बॉल कुरियरने पाठवू नका, मी पुण्याला येईन तेव्हा हातात द्या. आणि आधीचा बॉल असेल तर तोही आणा, लेनच्या तेलाच्या बॉलवर उमटलेल्या रिंगा पुसू नका, त्यावरूनच अर्धं काम होतं.