काळी दोनची पट्टी

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे उभे राहिले ते पेटीवाले सर. शाळेविषयी लिहायचं ठरवून बसलो खरा, पण हे सगळं सरांवरच जाणार. संपादकांनी सांभाळून घ्यावं.

सर शिकवायचे मराठी, पण व्याकरणाच्या तासालाही पेटी निघायचीच. अठराव्या वर्षी ते राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात गात होते. पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून सानेगुरुजी महाराष्ट्रभर हिंडले, 1 मे 1947 ला उपोषणाला बसले आणि दहाव्या दिवशी दार उघडलं. "त्या दौऱ्यात आधी आम्ही गायचो. गाण्याला सगळी आळी गोळा व्हायची, मग भाषणाला कोण उठून जातंय!" हे सरांनी इतक्यांदा सांगितलं, की पुढं पुढं वाक्याचा शेवट आम्हीच करायचो. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांनी 1944 मध्ये काढलेल्या लाल बावटा कलापथकाविषयीही त्यांनीच सांगितलं. अण्णाभाऊ शाळेत जेमतेम दीड दिवस गेले हे कळल्यावर आम्हाला त्यांचा हेवाच वाटला होता.

1984 चं स्नेहसंमेलन. समूहगीतात सरांनी आमच्या वर्गातल्या एकाला हलगी घेऊन घेतलं. त्याचे वडील वरातीत वाजवायचे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कुणीतरी निरोप धाडला, तबला असताना स्टेजवर हलगी कशाला? सर काही बोलले नाहीत. पेटीचा भाता मिटला, खटका लावला आणि खिडकीबाहेर बघत बसले. अर्ध्या तासाने दुसरा निरोप आला, वाजवू द्या.

संमेलनाच्या रात्री दव पडलं आणि हलगीचं कातडं सैल पडलं. स्टेजमागं पाचट पेटवून तो हलगी शेकायला बसला. धूर थेट पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या अंगावर! इकडे सर पेटीवर एकच कडवं घोळवत बसलेले. तीनदा झालं, चारदा झालं, आमचे घसे बसायला आले. मग मागून पहिला कडकडाट आला आणि मंडपातली पोरं उभीच राहिली. मी त्याच्या शेजारी उभा होतो. घरी मात्र हे सांगितलं नव्हतं, आणि त्याला कधी घरी बोलावलंही नाही. आज ते टोचतं.

पुढे बँकेच्या नोकरीत मुंबईला गेलो. 1993 च्या दंगलीनंतर मोहल्ला समित्या निघाल्या. आमच्या भागातल्या एका बैठकीत कुणी कुणाकडे बघेना. मला गायला सांगितलं. सानेगुरुजींची शाळेतली प्रार्थना सुरू केली आणि दुसऱ्या कडव्यावर अडलो. पुढची ओळ समोरच्या गल्लीतल्या एका मुसलमान शिंप्यानं उचलली. तोही मराठी शाळेतलाच! पुढची पंधरा मिनिटं आम्ही दोघं फक्त शाळेतल्या मास्तरांवर बोललो, आणि चहा आला.

निवृत्तीनंतर गेली सहा वर्षं दर रविवारी वस्तीतल्या मुलांचं समूहगान घेतो. सध्या तेवीस मुलं आहेत, त्यात दोन हलगीवाल्या मुली. परवा शाळेच्या संमेलनाचा व्हिडिओ पाहिला. सगळी गाणी पेनड्राइव्हवर, मुलं नुसती ओठ हलवतायत. वाईट वाटलं.

सरांची पेटी ग्रंथालयाच्या कपाटावर असेल, तर भात्याची दुरुस्ती मी करून देतो. काळी दोनची पट्टी तेव्हाही चिकटायची, तीही बघून घ्यावी.